तेरा महिन्यांचे वर्ष
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या पंचांगात सुमारे तीन वर्षांनी एकदा अधिक मास येतो. लोक त्याला धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्या महिन्यात जावयाला वाण देतात. मोबाईल कंपन्यांच्या पंचांगात हा धोंड्याचा महिना दरवर्षी येतो. त्यांचा महिना २८ दिवसांचा. ३६५ दिवसांना २८ ने भागले की तेरा महिने भरतात आणि वर एक दिवस उरतो. २९९ रुपयांचा रिचार्ज वर्षातून बारा वेळा केला तर ३,५८८ रुपये होतात; तेरा वेळा करावा लागला की ३,८८७. मधले २९९ रुपये हे कंपनी नावाच्या जावयाचे वाण. देणाऱ्याला ते दिल्याचे कळतसुद्धा नाही, हे त्यातले विशेष. मजुरीवर जगणाऱ्या माणसाचा पगार महिन्याचा, खोलीचे भाडे महिन्याचे, वाण्याची उधारी महिन्याची. फक्त मोबाईलची तारीख दर खेपेला दोन-तीन दिवसांनी अलीकडे सरकत जाते आणि पगार हाती येण्यापूर्वीच दारात उभी राहते.

ही तक्रार क्षुल्लक आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. तीस दिवसांऐवजी अठ्ठावीस, यात काय मोठे आभाळ कोसळले, असे ते विचारतात. परंतु दूरसंचार नियामक प्राधिकरणाला, म्हणजे ट्रायला, ती क्षुल्लक वाटली नाही. २७ जानेवारी २०२२ रोजी त्याने आदेश काढला की प्रत्येक कंपनीने निदान एक योजना पूर्ण तीस दिवसांची ठेवावी आणि निदान एक अशी ठेवावी की जी दर महिन्याच्या त्याच तारखेला नव्याने सुरू करता येईल. आदेशातील 'निदान एक' हे शब्द ध्यानात घेण्याजोगे आहेत. कंपन्यांनी आदेशाचे अक्षर पाळले. यादीत कोठेतरी तीस दिवसांची योजना आली; बाकीची यादी अठ्ठावीस, छप्पन्न, चौऱ्याऐंशी याच पाढ्यावर चालू राहिली. दुकानदारही ग्राहकासमोर तोच पाढा म्हणतो.

या व्यवहाराचा इतिहास थोडा पाहिला पाहिजे, कारण त्यात केवळ लूट आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले आणि देशात मोबाईल सुरू झाला. त्या काळी एका मिनिटाला सोळा-सतरा रुपये पडत आणि आलेल्या फोनलाही पैसे मोजावे लागत. मोबाईल ही श्रीमंतांच्या खिशातील चैन होती. १९९७ मध्ये ट्राय अस्तित्वात आले, १९९९ चे नवे दूरसंचार धोरण आले, २००० साली भारत संचार निगम स्थापन झाले आणि २००२ मध्ये त्या सरकारी संस्थेने मोबाईल सेवा सुरू केली. २००३ पासून येणारे फोन विनामूल्य झाले. गवंड्याच्या, भाजीवाल्याच्या, घरकाम करणाऱ्या बाईच्या हाती फोन आला तो या काळात. दहा रुपयांचे कूपन खरवडून महिना काढता येत असे. शिल्लक रक्कम खात्यावर असेपर्यंत फोन चालू राही, आणि ज्याला फक्त मुलाचा फोन घ्यायचा आहे त्या म्हाताऱ्याला काहीच खर्च नव्हता.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्स जिओने सेवा सुरू केली आणि मार्च २०१७ अखेरपर्यंत जवळजवळ सारे फुकट वाटले. फुकट मिळाल्याचा आनंद लोकांना झाला, आणि तो होणे स्वाभाविकही होते. ज्याने पूर्वी नेट कधी वापरले नव्हते तो माणूस त्या सहा-सात महिन्यांत त्याला सरावला. त्याच काळात बाजार मात्र रिकामा होत होता. एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा गुंडाळली, टाटांनी आपला मोबाईल व्यवसाय एअरटेलला देऊन टाकला, टेलिनॉर भारतातून निघून गेली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. जेथे डझनभर विक्रेते होते तेथे तीन खाजगी आणि एक दुबळी केलेली सरकारी संस्था एवढेच उरले. त्यानंतर दरवाढी सुरू झाल्या: डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१, जुलै २०२४. या शेवटच्या खेपेला दोन मोठ्या कंपन्यांचे नवे दर ३ जुलैला आणि तिसरीचे ४ जुलैला लागू झाले. जिओची रोज दीड जीबीची २३९ रुपयांची योजना २९९ वर गेली. एअरटेलची २८ दिवसांची सर्वांत साधी योजना १७९ वरून १९९ वर गेली आणि व्होडाफोन आयडियाचीही नेमकी १७९ वरून १९९ वरच गेली. तिघांनी एकत्र बसून ठरवले असे म्हणण्यास पुरावा नाही, आणि पुराव्यावाचून तसे म्हणूही नये. पण गावात तीनच दुकाने उरली की एकाने भाव वाढवल्यावर दुसऱ्याने काय करायचे हे सांगायला बैठक भरवावी लागत नाही.

आणि या भावावर कोणाचेही नियंत्रण नाही, हे कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. ट्रायला दर ठरवण्याचा अधिकार कायद्याने दिलेला आहे. परंतु मोबाईलच्या बाबतीत तो न वापरण्याचे धोरण त्याने वर्षानुवर्षे चालवले आहे. स्पर्धा आहे, तेव्हा दर बाजार ठरवील, असे त्यामागचे तत्त्व. कंपनीने दर लागू केल्यानंतर सात कामाच्या दिवसांत ते कळवायचे, एवढेच बंधन. दहा-बारा कंपन्या असताना स्वीकारलेले तत्त्व तीन कंपन्या उरल्यावरही तसेच ठेवायचे, हा तर्क कोणत्या अर्थशास्त्रात बसतो ते सांगणे कठीण आहे.

यावर एक उत्तर ठरलेले असते, आणि ते टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. भारतात डेटा जगात अतिशय स्वस्त आहे, असे सरकारही सांगते आणि कंपन्याही सांगतात. २०१४ साली एका जीबीला सुमारे २६९ रुपये पडत, ते आता नऊ रुपयांच्या आसपास आले, हा त्यांचा आकडा आहे. आकडा खोटा नाही. पण तो सरासरीचा आहे. जो माणूस दिवसभर चित्रपट पाहतो त्याचे आणि जो आठवड्यातून एकदा मुलीचा निकाल पाहतो त्याचे पैसे व जीबी एकत्र करून भागाकार केला की नऊ येतात. त्या दुसऱ्या माणसाने दुकानात जाऊन एक जीबी मागितला तर त्याला तो नऊ रुपयांना मिळत नाही. जुलै २०२४ च्या वाढीत एका कंपनीचा एक जीबीचा जोड-रिचार्ज १५ वरून १९ रुपयांवर गेला, दुसरीचा १९ वरून २२ वर. आणि तोही मूळ योजना चालू असेल तरच. छटाकभर तेल घेणाऱ्याला डबा घेणाऱ्यापेक्षा भाव नेहमीच जास्त पडतो. गरिबाची किरकोळ खरेदी महाग, हा बाजाराचा जुना न्याय येथेही चालू आहे. फक्त मापात तेलाऐवजी जीबी आहे.

शिवाय घेतलेला माल घरात ठेवता येत नाही. रोज दीड जीबी म्हणजे रोज दीडच. मध्यरात्री बारा वाजता उरलेला बुडाला. आज शेतात होतो, वापरला नाही, तर उद्या तीन मिळतील असे नाही. संपला तर वेग इतका उतरतो की पाने उघडेनाशी होतात, आणि जाहिरातीत त्या योजनेचे नाव 'अमर्याद' असते. महिन्याची साखर रेशनवर घेतली आणि दुकानदाराने सांगितले की रोजची रोज खा, रात्री उरेल ती परत घेईन, तर लोकांनी ते ऐकून घेतले असते काय? ऑगस्ट २०२५ मध्ये दोन मोठ्या कंपन्यांनी आपली २४९ रुपयांची रोज एक जीबीची योजनाही काढून घेतली. भाव वाढवला असे कोणी म्हटले नाही. स्वस्त वस्तू फळीवरून उचलली, एवढेच झाले.

येथे विचारणारा विचारील: नको असेल तर नेट घेऊ नये, सक्ती कोणाची आहे? सक्ती आहे, आणि ती मुख्यतः सरकारची आहे. अंगणवाडी सेविकेला बालकांच्या वजनाची नोंद मोबाईलवर करावी लागते. महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी २०२१ मध्ये निकृष्ट मोबाईल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. त्या फोनची क्षमता अपुरी होती आणि नोंदीचे अॅप इंग्रजीत होते; काम करणारी बाई मराठी. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची दिवसातून दोनदा छायाचित्रासह हजेरी १ जानेवारी २०२३ पासून मोबाईलवर सक्तीची झाली. जाळे नसेल तर हजेरी नाही, हजेरी नाही तर मजुरी नाही. शेतकऱ्याची पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर गेली. लाडकी बहीण योजनेत २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा सांकेतिक आकडा मोबाईलवरच येणार होता. रिचार्ज संपल्यावर फोन करणे लगेच बंद होते आणि काही दिवसांनी येणारे संदेशही बंद होतात. म्हणजे दीड हजार रुपयांच्या अनुदानाच्या दारात दोनशे रुपयांचा नाका उभा आहे, आणि नाक्यावरची वसुली खाजगी कंपनीची.

येणारा फोन घेण्याचीही किंमत ठरली ती २०१८ च्या अखेरीस. त्या वेळी कंपन्यांनी दर महिन्याला किमान ३५ रुपयांचा रिचार्ज नसेल तर सेवा बंद करण्याचे धोरण आणले. खात्यावर पैसे शिल्लक असताना सेवा तोडू नये, असे ट्रायने तेव्हा बजावले होते. पण ३५ चे पुढे ७९ झाले, ९९ झाले आणि २०२४ मध्ये १९९. फक्त बोलण्यापुरता फोन वापरणाऱ्याला न लागणाऱ्या डेटाचे पैसे का भरावे लागावेत, हा प्रश्न अखेर ट्रायनेच उचलला. साधे, बटणांचे फोन वापरणारे सुमारे १५ कोटी लोक देशात आहेत, असे त्याने नमूद केले आणि डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे व संदेश यांचे वेगळे व्हाउचर सक्तीचे केले. त्याची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवण्यास मुभा दिली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी तशा योजना जाहीर केल्या. एअरटेलची वर्षाची १,८४९ रुपयांना. जिओची १,७४८ रुपयांना, पण ३३६ दिवसांची. बारा गुणिले अठ्ठावीस! वर्षही त्याच पाढ्यातले निघाले. ज्या बाईला ही योजना हवी आहे तिच्याकडे एकरकमी अठराशे रुपये नसतात, म्हणून ती पुन्हा अठ्ठावीस दिवसांच्या रांगेत उभी राहते.

आता कराराविषयी. देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक मोबाईलधारक आगाऊ पैसे भरणारे आहेत. वाणी गरिबाला उधार देतो; येथे गरीब कंपनीला बिनव्याजी उधार देतो, आणि तरी करार कंपनीचाच. सिमकार्ड घेताना ज्या कागदावर सही किंवा अंगठा होतो, त्यातील अटींवर वाटाघाट करण्याची सोय कोणालाही नाही. किंबहुना दर अठ्ठावीस दिवसांनी जुना करार संपून नवा होत असल्यामुळे दरवाढ हा करारभंगच ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ब्रोजोनाथ गांगुली यांच्या गाजलेल्या खटल्यात म्हटले होते की ज्या दोन पक्षांच्या बळात जमीन-अस्मानाचे अंतर आहे, त्यांच्यातील जाचक अट न्यायालय मानणार नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तर 'अन्याय्य करार' ही संकल्पनाच कायद्यात आणली. पण त्याविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडेच करावी लागते. तीनशे रुपयांचा रिचार्ज करणाऱ्या गडचिरोलीच्या माणसाने जिल्हा ओलांडून जायचे. हक्क द्यायचा आणि तो दूरच्या कपाटात ठेवायचा, ही आपल्या कायदे करणाऱ्यांची जुनी सवय आहे.

तक्रारीची वाट किती लांब असते याचे एक उदाहरण पुरेसे आहे. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे मासिक भाडे २४९ रुपये होते आणि सरासरी बिल ५५५ रुपयांचे. २०१३ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमधील एका महिन्याचे बिल त्याला २४,६०९ रुपये आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा ग्राहक मंचाकडे दाद मागितली. कंपनी म्हणाली, हे भांडण ऐकण्याचा मंचाला अधिकारच नाही. १८८५ च्या तार कायद्याप्रमाणे ते लवादाकडे गेले पाहिजे. २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका निर्णयाचा तिला आधारही होता. हा मुद्दा चढत चढत दिल्लीला गेला आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की ग्राहक मंचाला अधिकार आहे. बिल बरोबर की चूक हा प्रश्न या निकालाचा नव्हताच. तो कोणी ऐकायचा एवढेच ठरायला जवळजवळ आठ वर्षे लागली. तरीही हा निकाल मोलाचा आहे. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक आयोगाकडे जाण्याचा हक्क अबाधित ठेवला आहे. पुष्कळ ग्राहकांना, आणि काही वकिलांनाही, २००९ चा जुना निर्णयच अजून ठाऊक असतो.

या साऱ्यात सरकार पंचाच्या खुर्चीवर बसलेले नाही, तेही पंगतीला आहे. प्रत्येक रिचार्जवर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. १९९ रुपयांतले सुमारे तीस रुपये सरकारी तिजोरीत जातात. ध्वनिलहरींच्या लिलावातून २०२२ मध्ये दीड लाख कोटींची बोली लागली. हा बोजा आमच्यावर आहे म्हणून दर वाढवतो, असे कंपन्या सांगतात आणि त्यात तथ्य नाही असे नाही. पण बोजाच्या कथेबरोबर मिळकतीची कथाही सांगितली पाहिजे: एअरटेलला दर ग्राहकामागे मिळणारे सरासरी मासिक उत्पन्न २०२४ च्या एप्रिल-जूनमध्ये २११ रुपये होते, ते पुढच्या वर्षीच्या त्याच तिमाहीत २५० झाले. व्होडाफोन आयडियाची ३६,९५० कोटींची देणी सरकारने एप्रिल २०२५ मध्ये समभागांत बदलून घेतली आणि त्या कंपनीत जनतेचा हिस्सा सुमारे ४९ टक्के झाला. इतक्या मोठ्या भागधारकाने दरांविषयी एक शब्द तरी उच्चारला असता तर नवल नव्हते. सरकारने कारभारात लक्ष घालायचे नाही असे मात्र ठरवले. तोटा सर्वांचा आणि निर्णय काहींचा, असा हा समाजवाद आहे.

याउलट जी संस्था खरोखर जनतेची होती तिचे काय केले? खाजगी कंपन्यांचे फोरजी २०१२ पासून चालू झाले. भारत संचार निगमला त्यासाठीच्या लहरी देण्याचा निर्णय २०१९ च्या पुनरुज्जीवन योजनेत झाला. त्याच योजनेत सुमारे ७८ हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीच्या नावाने जानेवारी २०२० अखेर घरी गेले. देशी तंत्राचे फोरजी जाळे समारंभपूर्वक सुरू झाले ते २७ सप्टेंबर २०२५ रोजी. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एका महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहक निगमकडे आले होते, कारण त्याने दर वाढवले नव्हते. लोकांनी पायांनी मत दिले. पण मनोऱ्यावर माणूस नाही, फोन लागत नाही, नेट चालत नाही; वर्ष संपायच्या आत ओघ उलटा फिरला. कर्मचाऱ्यांना शिव्या घालून हा प्रश्न सुटत नाही. ज्या वेळी स्वस्त सरकारी सेवेमुळे साऱ्या बाजाराचे दर ताळ्यावर राहिले असते नेमक्या त्या वर्षांत तिला हत्यारावाचून रणात उभे केले गेले.

१९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा शत्रू डोळ्यांना दिसत होता. तेल, रवा, रॉकेल कोठल्या गोदामात दडवले आहे ते शोधता येत होते. डेटाचे गोदाम नाही. येथे माल दडवला जात नाही, रात्री बाराला नासवला जातो. प्रत्येकाची अडचण त्याच्या स्वतःच्या खिशात, स्वतःच्या तारखेला येते. सगळ्यांची एका दिवशी येत नाही, म्हणून मोर्चाही निघत नाही. या विखुरलेल्या चिडीला एकत्र आणणे, हे काम कार्यकर्त्यांचे आहे.

मागण्या अवघड नाहीत. सर्व योजनांचा महिना हा महिनाच असावा. 'निदान एक' हे शब्द आदेशातून जावेत. न वापरलेला डेटा पुढे जावा. येणारा फोन आणि सरकारी संदेश रिचार्ज संपल्यावरही चालू राहावेत. ज्या नोकरीत वा योजनेत सरकारने मोबाईल सक्तीचा केला, तेथे त्याचा खर्च सरकारने द्यावा. तीनच कंपन्या उरल्या असताना दर मोकळे सोडण्याचे धोरण ट्रायने जाहीर सुनावणी घेऊन फेरतपासावे. आणि अन्याय्य कराराची तक्रार जिल्ह्यात घेतली जावी; त्यासाठी कायद्यात एका कलमाची दुरुस्ती पुरे.

तोवर वस्तीत करण्याजोगे कामही आहे. नुसत्या बोलण्याची योजना मागितली तर ती देणे कंपनीवर बंधनकारक आहे, हे अनेक दुकानदार सांगत नाहीत. ते लोकांना सांगावे. कंपनी बदलण्यासाठी १९०० वर संदेश पाठवावा लागतो, आणि स्वस्त योजनेत संदेशाची सोय नाही म्हणून तो अडवता येत नाही, असे निर्देश ट्रायने डिसेंबर २०२१ मध्ये दिलेले आहेत. ट्राय एकेकट्याची तक्रार घेत नाही. आधी कंपनीच्या तक्रार केंद्राकडे जावे लागते आणि तेथे समाधान झाले नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे. केंद्रावर फोन केला की तक्रारीचा क्रमांक मिळतो. तो क्रमांक, तारीख आणि रिचार्जचा संदेश एका वहीत लिहून ठेवावा, कारण पुढे आयोगासमोर पहिला प्रश्न त्याच क्रमांकाचा येतो, आणि नेमका तोच बहुतेकांकडे नसतो.